दम कमी नाही, श्वास सोडायचा राहतोय

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. वय अडतीस, राहणं कोथरूडला. आठवड्यातून तीनदा पाच-सहा किलोमीटर पळता, सिंहगड तासाभरात चढता. तीन महिन्यांपूर्वी पोहायला शिकलात. हातपाय बरे चालतात असं कोच म्हणतात, पण २५ मीटरची एक लेन पुरी करताना शेवटच्या सात-आठ मीटरला छाती भरून येते, कोणीतरी वर बसल्यासारखं वाटतं आणि मग काठ धरून दोन मिनिटं धापा टाकाव्या लागतात. डिसेंबरात मित्रांबरोबर तारकर्लीला स्कुबा करायचं ठरलंय, ते झेपेल का, आणि हा दम्याचा प्रकार तर नाही ना, अशी धाकधूक आहे.

मी पुण्यात बावीस वर्षं पोहायला शिकवते, त्यातली बरीचशी वर्षं मोठ्या माणसांच्या बॅचला. ही तक्रार दर बॅचला दोघं-तिघं तरी घेऊन येतात, आणि त्यात पळणारे, सायकल मारणारे, ट्रेक करणारे हमखास असतात. त्यांना ती जास्त लागते, कारण जमिनीवर ज्या दमावर भरवसा ठेवलाय तोच पाण्यात दगा देतो असं त्यांना वाटतं. तुमची तक्रार आहे की श्वास घेता येत नाही. मी पाहिलेल्या दहातल्या आठ जणांचा घोटाळा श्वास सोडण्यात होता. तुमचाही तोच असावा असा माझा अंदाज आहे, पण तुम्हाला पाण्यात पाहिल्याशिवाय छातीठोकपणे नाही सांगता येणार.

म्हणून आधी तीन गोष्टी स्वतःशी तपासा. नुसतं गळाभर पाण्यात उभं राहिलं, हातपाय न हलवता, तरी श्वास जड होतो का? उताणं पोहताना, तोंड सतत हवेत असताना, तसाच दम लागतो का? आणि पाण्याबाहेर, जिना चढताना किंवा रात्री झोपेत, कधी शिट्टीसारखा आवाज, घरघर, छातीत दुखणं असं काही होतं का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर इथेच थांबा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल, म्हणजे बॅकस्ट्रोकला मजेत जाता आणि फ्रीस्टाइललाच गळपटता, तर फुप्फुसं ठीक आहेत आणि गडबड श्वासाच्या पद्धतीत आहे. पहिल्याकडे नंतर येते.

आत्ता बसल्या जागी एक करून बघा. नेहमीसारखा श्वास घ्या, पण सोडू नका. त्यावरच आणखी थोडा घ्या. तोही न सोडता आणखी एक घोट. तिसऱ्या-चौथ्या घोटाला छाती गळ्यापर्यंत भरलेली वाटेल, खांदे कानांपाशी गेलेले असतील, आणि हवा हवी म्हणून जीव कासावीस होत असतानाच आत घ्यायला जागा उरलेली नसेल. आता फुस्सकन सोडा. एका क्षणात सुटल्यासारखं वाटतं की नाही? शेवटच्या आठ मीटरला तुमच्या छातीवर जो बसतो, तो हाच असणार.

होतं असं, की तोंड पाण्यात असताना तुम्ही श्वास धरून ठेवता. मान वळवून वर आलात की मिळतो जेमतेम अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात जुनी हवा सोडायची आणि नवी घ्यायची अशी दोन कामं उरकायची असतात. दोन्ही होत नाहीत. थोडीशी सुटते, थोडीशी आत येते, तोवर तोंड पुन्हा पाण्यात. दर श्वासाला शिळी हवा आतच साठत जाते. भरलेल्या हंड्यावर तांब्या ओतल्यासारखं ते आहे.

आणि ही तगमग प्राणवायू संपत आला म्हणून होत नाही, हे नीट लक्षात घ्या. निरोगी माणसाच्या रक्तात एवढ्या वेळात प्राणवायू काही संपत नाही. श्वास घ्या असा जो आतून धक्का बसतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. मेंदूतलं श्वसनकेंद्र रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर डोळा ठेवून असतं. तो जरा वाढला की ते ओरडायला लागतं. आणि तो बाहेर जातो फक्त उच्छ्वासातून. तुम्ही हवा आत घेण्याची कितीही धडपड केलीत तरी तो कमी होत नाही, सोडलीत तरच होतो. म्हणून दम लागला की जास्तीत जास्त आत ओढायची जी ओढ लागते, ती नेमकी उलट्या दिशेची आहे.

काही वर्षांपूर्वी सकाळच्या बायकांच्या बॅचला एकसष्ट वर्षांच्या एक काकू होत्या. मुलाकडे परदेशात जायचं होतं, तिथे नातीबरोबर पोहायचं म्हणून शिकत होत्या. तरंगणं आलं, पाय मारणं आलं, पण श्वास घ्यायची वेळ आली की दहा मीटरला लालबुंद. त्यांना विचारलं, "काकू, पाण्यात श्वास सोडता ना?" त्या म्हणाल्या, "सोडते की गं, तू सांगितल्यापासून सोडतेच आहे." त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी गॉगल लावला आणि त्यांच्या शेजारून पाण्याखालून चालत गेले. गाल फुग्यासारखे फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, डोळे गच्च बंद, आणि नाकाशी एकही बुडबुडा नाही. मान वर आली की मात्र फूऽऽ करून सगळं एकदम, आणि त्याच्या मागोमाग एक छोटा उचकीसारखा श्वास. तेव्हापासून मी काठावरून कुणाचा श्वास तपासत नाही. वरून काहीही कळत नाही. तुमच्या कोचना विनंती करा, की एकदा पाण्याखालून बघा, किंवा एखाद्या मित्राला वॉटरप्रूफ मोबाइल पाऊचमधून दहा सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांगा. बुडबुडे दिसले पाहिजेत, आणि तोंड पाण्यात गेल्या क्षणापासून दिसले पाहिजेत.

आता तुम्ही म्हणाल, पळताना तर हा प्रश्न कधी आला नाही. पळताना श्वासाला वेळापत्रक नसतं. दम लागला की मिनिटाला पस्तीस-चाळीस श्वास आपोआप होतात, नाकतोंड दोन्ही मोकळी, कधी घ्यायचा हे शरीर ठरवतं. फ्रीस्टाइलमध्ये श्वास हाताच्या फेरीला बांधलेला असतो. मिनिटाला पन्नास हात मारलेत आणि दर दुसऱ्या हाताला श्वास घेतलात तर पंचवीसच श्वास मिळतात. सव्विसावा हवा असला तरी नाही मिळत. त्यामुळे मिळालेल्या प्रत्येक श्वासात फुप्फुसं नीट रिकामी होऊन नीट भरली पाहिजेत. पळण्याने तुमचं हृदय तयार झालंय, ते पाण्यातही कामी येईल, पण ही शिस्त पळण्याने येत नाही. ती वेगळी शिकावी लागते.

पळणाऱ्यांची आणखी एक गोष्ट म्हणजे पाय. मांड्या हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, आणि प्राणवायूही तेच सर्वात जास्त खातात. नवा माणूस बुडू नये म्हणून पाय असे मारतो की मागे कारंजं उडतं, पण पुढे सरकत नाही. सगळा दम तिथे जातो. फ्रीस्टाइलमध्ये ओढायचं मुख्य काम हातांचं आणि पाठीचं. मी बॅचमध्ये नेहमी मुरलीकांत पेटकर यांचं नाव घेते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कमरेखाली अपंगत्व आलं, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पायांचा जोर नसताना. तुमच्या पायांनी शरीर आडवं ठेवण्यापुरतं हललं तरी पुरे. पुढच्या वेळी मुद्दाम निम्म्या जोराने पाय मारून लेन करा, शेवटी किती फरक पडतो बघा.

पाय इतके मारावे का लागतात, तर ते बुडतात म्हणून. आणि ते बुडतात, कारण श्वासासाठी तुम्ही मुंडी वर उचलत असणार. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, हे तराजूसारखं आहे. गावाकडे विहिरीत, पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून शिकलेली माणसं मुंडी वर काढूनच पोहतात, आणि विहिरीत ते योग्यच असतं, कारण तिथे काठ कुठे आहे हे दिसावं लागतं. टँकमध्ये लांब पोहायचं तर मात्र मान उचलायची नाही, वळवायची. खांद्याबरोबर अंगच थोडं कलतं, एक गाल पाण्यावर टेकलेला राहतो, गॉगलची एक काच पाण्यात आणि एक बाहेर. डोकं पाणी कापत पुढे जातं तेव्हा कानाच्या बाजूला पाण्यात एक खळगा तयार होतो. तोंड त्या खळग्यात उघडायचं. पहिले काही दिवस विश्वास बसत नाही की एवढ्याशा जागेत हवा असेल. असते.

आता पाण्याचा दाब. नुसतं गळाभर पाण्यात उभं राहिलं तरी श्वास जड का होतो, याचं उत्तर इथे आहे, आणि ते मनाचं दुखणं नाही. खुर्चीत बसून सहज श्वास घेताना छातीला जो दाबाचा फरक निर्माण करावा लागतो तो जेमतेम चार-पाच सेंटिमीटर उंचीच्या पाण्याएवढा असतो. गळाभर पाण्यात उभं राहिलं की छाती सरासरी वीस-तीस सेंटिमीटर पाण्याखाली असते, आणि तेवढा दाब बरगड्यांवर आणि पोटावर चारी बाजूंनी येतो. शिवाय पायांतलं आणि पोटातलं साधारण पाऊण लिटर रक्त छातीकडे ढकललं जातं, ते तिथली जागा खातं. पोट दबल्यामुळे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदाही वर सरकतो. या सगळ्यामुळे श्वास घ्यायला हवेतल्यापेक्षा दीडपटीहून थोडी जास्त मेहनत पडते. निरोगी माणसाला ती सहज झेपते, पण जाणवते. ज्याला हे कुणी सांगितलेलं नसतं तो घाबरतो, आणि घाबरला की श्वास वरवरचा, भराभर होतो. वरवरच्या श्वासातली बरीचशी हवा घशात आणि श्वासनलिकेतच येजा करते, फुप्फुसाच्या तळाशी पोचत नाही. मग आणखी कोंडल्यासारखं वाटतं, आणि आणखी भीती.

या दाबाची ताकद कळायची असेल तर लहानपणीचा तो प्रश्न आठवा: लांब नळी तोंडात धरून पाण्याच्या तळाशी बसून श्वास का नाही घेता येत? तोंडाशी येणारी हवा वरच्या, साध्या दाबाची असते, आणि छातीवर मीटरभर पाणी दाबत असतं. धडधाकट माणसाचे छातीचे स्नायू जीव एकवटून जेवढं ओढू शकतात, तेवढाच तो विरोध असतो. एखादा श्वास कसाबसा येईल, दुसरा नाही. म्हणून स्नॉर्केलची नळी हातभरसुद्धा नसते. ती लांब करायचा प्रयोग कृपया कुणीही करू नये, मुलांना तर आवर्जून सांगा.

बाकीची कारणं भराभर सांगते, कारण तुमच्या बाबतीत ती दुय्यम दिसतात. एक, थंडी. उघड्या टँकवर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पाण्यात उतरलं की पहिला अर्धा-एक मिनिट आपोआप आचके बसतात, श्वास ताब्यात राहत नाही. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, दोन-तीन मिनिटांत शमते. त्या वेळात काठ धरून थांबायचं, मानेवर-चेहऱ्यावर पाणी मारायचं, आणि थंड पाण्यात थेट सूर मारायचा नाही. दोन, क्लोरीनचा वास. तो उग्र वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे वायू तयार होतात त्यांचा असतो, आणि बंदिस्त टँकमध्ये ते नेमके पाण्याच्या पृष्ठभागालगत, आपण श्वास घेतो तिथेच रेंगाळतात. घसा खवखवतो, दमेकऱ्यांना त्रास होतो. पोहण्याआधी साबण लावून अंघोळ करा असं आम्ही ओरडून सांगतो ते यासाठी. तीन, पोट. प्लेटभर पोहे आणि चहा घेऊन लगेच उतरलात तर पडद्याला खाली यायला जागाच नाही. आणि चार, ठसका. पाण्याचे दोन थेंब घशाच्या दारात गेले तर स्वरयंत्र आपोआप मिटतं, फुप्फुसं वाचवण्यासाठी. त्या चार-पाच सेकंदांत श्वास अजिबात आत येत नाही आणि माणसाला वाटतं, संपलं. संपलेलं नसतं. काठ धरा, लाज न बाळगता खोका, ओढून श्वास घेऊ नका, दार हळूहळू उघडतं.

करायचं काय? दोन आठवडे लेन मोजणं सोडून द्या. पहिले तीन-चार दिवस टँकवर गेलात की उथळ भागात काठ धरून उभे राहा. तोंडाने श्वास घ्या, तोंड पाण्यात घाला आणि नाकातून "म्म्म्म" असा आवाज काढत हवा सोडत राहा. गुणगुणताना श्वास धरता येत नाही, म्हणून ही युक्ती चालते. काकूंना मी ओंकार म्हणायला सांगितला होता, त्यांना तो रोजच्या सवयीचा होता आणि लगेच जमला. हवा पूर्ण संपवायची नाही. सत्तर-ऐंशी टक्के आरामात जाऊ द्या आणि तोंड बाहेर येण्याच्या आधी शेवटची जरा जोरात फुंका, म्हणजे ओठांवरचं पाणीही उडतं. मग आत घेण्यासाठी काही करावंच लागत नाही, रिकाम्या जागेत हवा आपण होऊन शिरते. असे सलग वीस श्वास कुठेही न अडता झाले पाहिजेत. घरी बादलीत किंवा घमेल्यातही करता येतं, पण आधी कोण हसेल याची काळजी सोडा.

त्यानंतर किकबोर्ड, म्हणजे तरंगती फळी, एका हातात धरून कडेवर कलून, मग बोर्डाशिवाय. वीस श्वास उभ्याने जमले की साताठ मीटर पोहताना जमवा, मग पंधरा. दर दुसऱ्या हाताला, एकाच बाजूने श्वास घ्या. दर तिसऱ्या हाताला दोन्ही बाजूंनी घ्यावा असं इंटरनेटवर वाचलं असेल. ते तंत्र चांगलं आहे, पण आज तुमच्यासाठी नाही, हवेची गरज भागत नसताना एक श्वास आणखी कमी कशाला करायचा? आणि वेग कमी ठेवा. नवी माणसं दम संपायच्या आत काठ गाठायचा म्हणून घाई करतात आणि त्या घाईनेच दम संपतो.

आता एक गोष्ट पोटतिडकीने सांगायची आहे. आपल्याकडे प्राणायाम करणारे पुष्कळ आहेत, मीही करते. पण दम वाढावा म्हणून टँकवर येऊन भस्त्रिका किंवा कपालभाती करायची आणि मग पाण्याखाली श्वास रोखून जायचं, हे कधीही करू नका. भराभर श्वासाने रक्तातला प्राणवायू फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. म्हणजे धोक्याची घंटाच काढून टाकली. मग पाण्याखाली तगमग होत नाही, छान वाटतं, आणि प्राणवायू इतका उतरतो की माणूस न कळवता बेशुद्ध होतो. मी हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन पोरं पैज लावून बसली होती, पाण्याखालून कोण लांब जातो. त्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलाने काठावर बसून जोरजोरात आठ-दहा श्वास घेतले आणि आत गेला. तो धडपडला नाही, हात हलवला नाही. मित्रांना वाटलं मुद्दाम तळाशी थांबलाय. जीवरक्षकाचं लक्ष होतं म्हणून बाहेर आला, खोकला, उलटी केली, वाचला. तो किती शांत पडला होता, ते मला अजून दिसतं. श्वास रोखण्याच्या पैजा माझ्या बॅचमध्ये पूर्ण बंद आहेत, आणि तुमच्या टँकवर कुणी लावत असेल तर थांबवा.

स्कुबाबद्दल. तिथली गोष्ट बरीच वेगळी आहे, आणि काही बाबतींत सोपी आहे. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र, तुम्हाला भोवतालच्या पाण्याच्या दाबाचीच हवा देतं, त्यामुळे त्या लांब नळीसारखी छातीची ओढाताण होत नाही. पण १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे आत येणारी हवाही दुप्पट दाट. ती भराभर ओढायला गेलात तर नळीत अडल्यासारखी वाटते. संथ, लांब श्वास घेतलात तर कळतही नाही. नवख्यांना सर्वात जास्त कोंडतं ते मास्कमुळे. नाक बंद असतं, आणि जन्मभर नाकाने श्वास घेतलेल्या माणसाला तोंडाने घेताना गुदमरल्यासारखं होतं. त्याची तयारी पुण्यातच करा. टँकवर नोजक्लिप लावून, किंवा सरळ नाक चिमटीत धरून, तोंडाने घ्या-तोंडाने सोडा असा पाच मिनिटं सराव. वेटसूट किंवा जॅकेट छातीवर घट्ट बसत असेल तर भिडेखातर घालू नका, दुसरं मागा. घट्ट सूट घालून समुद्राच्या तोंडाशी बसलं की पाण्यात जायच्या आधीच श्वास अपुरा वाटतो.

तिथला एक नियम पाठ करा: श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही. १० मीटरवर भरलेली छाती पृष्ठभागावर येईपर्यंत त्या हवेचा आकार दुप्पट होतो. सोडत राहिलात तर काही नाही, रोखलीत तर फुप्फुसाला इजा होते. टँकमध्ये श्वास धरून ठेवायची जी सवय तुम्हाला लागली आहे, तीच तिथे जिवावर बेतू शकते. म्हणून माझं मत असं, की पाण्यात सलग वीस श्वास न अडता सोडता यायला लागले, तर तारकर्लीला जरूर जा. गाइड तुमचा हात धरूनच असतो आणि पहिला डाइव्ह उथळ असतो. नाही जमले तर त्या खेपेला बोटीवर बसा, पुढच्या वर्षी करा. तिथे भरून घेतात त्या फॉर्मवर दमा, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन, जे काही असेल ते खरं लिहा. आणि श्वासाशी संबंध नसला तरी सांगते: डाइव्ह करून लगेच त्याच दुपारी आंबोली किंवा गगनबावडा चढून पुण्याकडे निघू नका, तो सहा-सातशे मीटरचा चढ आहे. रात्र मालवणातच काढा, आणि किती वेळ थांबायचं ते तिथल्या इन्स्ट्रक्टरला विचारा.

दम्याची शंका राहिली. तुम्ही सिंहगड घरघर न होता चढता, त्यामुळे शक्यता कमी वाटते, पण मी डॉक्टर नाही. पोहून झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी, म्हणजे थांबल्यानंतर, खोकला किंवा शिट्टी वाजायला लागली तर व्यायामाने श्वासनलिका आकसत असण्याची शक्यता असते. छातीच्या डॉक्टरांकडे फुंकण्याची साधी तपासणी होते. दमा निघाला तरी पोहणं बंद होत नाही. दमट हवेमुळे उलट बऱ्याच दमेकऱ्यांना पळण्यापेक्षा पोहणं मानवतं, आणि माझ्याकडे इनहेलर काठावर ठेवून नियमित येणारी मुलं आहेत. बायकांमध्ये अशा तक्रारीमागे हिमोग्लोबिन कमी असणं मला बऱ्याचदा दिसलंय, तुमच्या घरातून कुणी शिकत असेल तर तेही बघून घ्या. पण पोहताना अचानक खोकला सुरू झाला, छातीत खळखळ ऐकू आली, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी पडली, छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सरावाचा विचार तिथेच सोडा. बाहेर या, आडवे न पडता बसा, आणि तडक हॉस्पिटल. पोहताना फुप्फुसात पाणी साठण्याचा एक प्रकार असतो, रक्तदाब असणाऱ्यांना आणि थंड पाण्यात जास्त, आणि तो तुम्ही प्यायलेल्या पाण्याने होत नाही, शरीरातल्याच पाण्याने होतो.

शेवटी तुम्ही विचारलंय की लेनच्या मधे दम लागला तर रेटायचं की थांबायचं. थांबा. उताणे व्हा, किंवा लेनचा दोर, काठ, जे जवळ असेल ते धरा. तिथे धापा टाकतानाही लक्ष सोडण्यावर ठेवा: ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर मारतो तशी लांब फुंकर, आणि घेणं आपोआप होऊ द्या. श्वास पुन्हा गप्पा मारण्याइतका जागेवर यायला किती श्वास लागले ते मोजा आणि लिहून ठेवा. माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे मी हाच आकडा लिहिते, लेन किती झाल्या ते नंतर. काकूंचा पहिल्या दिवशीचा आकडा सत्तावीस होता. तीन आठवड्यांनी नऊ झाला होता, आणि त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा न थांबता समोरचा काठ गाठला.